चेतापेशींचे प्रकार किती, आणि मायलिन म्हणजे वायरवरचं प्लास्टिकच का?

तुम्ही विचारलंय की चेतापेशींचे प्रकार नेमके किती, मायलिन (चेतापेशीच्या लांब तंतूभोवतीची स्निग्ध गुंडाळी) वायरवरच्या प्लास्टिकसारखंच असतं ना, आणि जाता जाता, तूप खाल्लं की ते वाढतं का. नाशिकरोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी वीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवते. पहिले दोन प्रश्न वर्गात येतात, तिसरा हमखास पालकसभेत.

प्रकार परीक्षेपुरते तीन. त्वचा, डोळे, कान यांच्याकडून मेंदू-मज्जारज्जूकडे बातमी आणतात त्या संवेदी, तिथून स्नायूंना आणि ग्रंथींना हुकूम पोचवतात त्या प्रेरक, आणि मधल्या सगळ्या सहयोगी. संख्येनं सहयोगीच सर्वांत जास्त. आकारावरूनही वाटणी करतात: डोळ्याच्या पडद्यातल्या काही द्विध्रुवी (दोन फाटे असलेल्या), प्रेरक बहुध्रुवी (अनेक फाटे असलेल्या) वगैरे. ते पाठ करा आणि मार्क घ्या. पण या वाटणीवरून मायलिन कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे काही कळत नाही. एकट्या संवेदी गटातच दोन्ही तऱ्हा सापडतात.

रामकुंडाच्या पायऱ्यांवर अनवाणी चालताना अंगठा ठेचकाळलाय कधी? आधी सणकन कळ येते. मग क्षणभर वाटतं, चला, थोडक्यात सुटलो. आणि मागाहून ती जळजळणारी, रेंगाळणारी ठणक येते. पहिली कळ पातळ मायलिन असलेल्या तंतूंमधून येते, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगानं. दुसरीच्या तंतूंवर मायलिनच नाही. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते 2 मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतका. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत अंतर मीटरभर, म्हणून ती बातमी सेकंदभर मागे पडते. याउलट स्नायूंशी जोडलेले जाड, भरपूर मायलिनवाले तंतू सेकंदाला 120 मीटरपर्यंत जातात.

आता वायर. ही उपमा मीही द्यायचे. मग एका वर्षी पिंपळगाव बसवंतकडचा, द्राक्षबागवाल्या घरातला एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, वायर अशी मधे मधे सोललेली असली तर शॉर्ट होईल की!" फळ्यावरच्या आकृतीत मी स्वतःच त्या फटी काढल्या होत्या. मायलिन सलग नसतंच. साधारण मिलिमीटरभर गुंडाळी, मग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी उघडी फट, परत गुंडाळी. उसाच्या कांड्यांसारखं. फटींना रॅनव्हिएची पेरं म्हणतात, 1870च्या दशकात त्यांचं वर्णन करणाऱ्या लुई रॅनव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञावरून.

त्या दिवसापासून मी वायर सोडली आणि पाइप धरला. तंतू म्हणजे खारट पाण्यानं भरलेली नळी समजा. तिच्यातून संदेशाचा दाब पुढे जायचाय, पण अडचणी दोन. एक, नळीला गळती आहे: ठिबकच्या नळीसारखा थेंब थेंब विद्युतभार बाहेर जातो आणि पुढे जोर उरत नाही. दुसरी अडचण पुस्तकं सहसा सांगत नाहीत. शेतात गुंडाळून ठेवतात तो चपटा पाइप आठवा. मोटर चालू केली तरी आधी तो फुगतो, मग पलीकडे पाणी पडतं. पीव्हीसीच्या कडक पाइपात हा वेळ जात नाही. तंतूचा पडदा इतका पातळ असतो की त्याच्या दोन्ही अंगांना भार साठतो आणि आधी ते साठवणंच भरत बसावं लागतं. मायलिन गळती बुजवतं आणि पडदा जाड करून हे साठवणंही कमी करतं. चपट्या पाइपाचा कडक पाइप होतो.

आणि फटी? तिथं सोडियम आत घेणारी दारं दाटीनं बसवलेली असतात. दमलेला संदेश फटीशी आला की दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि पुन्हा पूर्ण जोर मिळतो. "म्हणजे बूस्टर पंप," तो मुलगा म्हणाला. अगदी तेच. सलग गुंडाळलं असतं तर संदेश वाटेतच विझला असता. (संदेश फटीवरून फटीवर "उड्या मारतो" हे वाक्य मी लिहू देते, पण ते शब्दशः घेऊ नका. एका संदेशाच्या वेळी पाठोपाठच्या कितीतरी फटी एकदम जाग्या असतात.)

हे गुंडाळण्याचं काम हातापायांच्या नसांत श्वान (Schwann) पेशी करतात; कुत्र्याशी या नावाचा संबंध नाही. स्वतःचाच पडदा तंतूभोवती पन्नासेक वेढे फिरवतात आणि मधला द्रव पिळून काढतात. एक पेशी, एक कांडं. मेंदूत आणि मज्जारज्जूत हे काम दुसऱ्या पेशींकडे असतं, आणि त्यातली एकेक पेशी डझनावारी कांडी सांभाळते. हा फरक आजारपणात कळतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गियाँ-बारे (जीबीएस) या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी ते नाव झालं. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हातापायांच्या नसांवर, बहुतेकदा त्यांच्या मायलिनवर उलटते आणि पायांपासून वर वर ताकद जाते. पण श्वान पेशी पुन्हा गुंडाळी करू शकतात, म्हणून बरेच रुग्ण काही महिन्यांत परत चालू लागतात. मेंदूतली दुरुस्ती इतकी चांगली होत नाही.

राहिलं तूप. कोरड्या वजनाच्या 70 ते 80 टक्के मायलिन स्निग्धच असतं, त्यामुळे पालकांचा तुपाचा तर्क अगदीच हवेतला नाही. पण मायलिनमध्ये भरपूर असणारं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो, ताटातलं तिथं पोचत नाही. शाकाहारी घरात बघायचं ते बी12 जीवनसत्त्व. ते कमी पडलं की मायलिन बिघडतं. माझ्या तळपायांना वर्षभर मुंग्या यायच्या. मी ते उभं राहून शिकवण्यावर ढकललं आणि रक्त तपासलं तेव्हा बी12 तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर काही महिन्यांनी मुंग्या गेल्या, डाव्या अंगठ्याच्या टोकाशी थोडा बधिरपणा मात्र अजून आहे. तुम्हालाही मुंग्या येत असतील तर तुपाआधी ती तपासणी करा.