जोत्यावर उभं राहूनच अभिप्राय लिहा

तुमचा प्रश्न असा : नगरपरिषद राज्य सेवेच्या स्थापत्य संवर्गात निवड झाली, रुजू होताच बांधकाम परवानगीचं टेबल मिळालं, आणि घरचे म्हणतात की तिथं एक तर पैसे खावे लागतात, नाहीतर चौकशीत अडकावं लागतं. मी हे टेबल तीन नगरपरिषदांत मिळून 19 वर्षं सांभाळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

भीती निराधार नाही. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 माणसं गेली. इमारत काही जुनीपुराणी नव्हती. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा बिल्डर, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांवरही तो दाखल झाला. परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्यांची असते, पण ती होते तुमच्या टिपणीवर. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते टिपणीत लिहू नका.

माझ्या हातून हे एकदा झालं. ऐन पावसाळ्यात जोतं, म्हणजे जमिनीच्या वर आलेला पायाचा चौथरा, पूर्ण झाल्याची सूचना आली. सोबत वास्तुविशारदाचा दाखला होता, साइटवर गुडघाभर चिखल. मी खुर्चीत बसूनच 'मंजूर नकाशाप्रमाणे' असा शेरा मारला. दोन वर्षांनी भोगवटा प्रमाणपत्रासाठी टेप लावला, तर एका बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा, 3 मीटरऐवजी जेमतेम सव्वादोन मीटर. वर तीन मजले झालेले, आठ कुटुंबं राहायला आलेली. तूट नियमात बसेना. प्रमाणपत्र अडलं ते अडलंच. फ्लॅट विकायला काढला की घेणाऱ्याची बँक पहिल्यांदा तेच मागते. त्यातल्या एका आजोबांना मुलीच्या लग्नासाठी फ्लॅट विकायचा होता, ते वर्षभर दर सोमवारी कार्यालयात यायचे. त्यांच्यासमोर बसणं मला फार जड गेलं.

कागदावर चूक सापडली तर नकाशा बदलतो. लाइनआउटला, म्हणजे जागेवर चुन्याने आखणी करताना, सापडली तर चुना पुसून नवी रेघ मारता येते. जोत्यालाही निस्तरता येते, खर्च होतो इतकंच. पहिला स्लॅब पडला की तुमच्या अधिकाराला उरतो तो फक्त हातोडा, आणि तो चालवायला बंदोबस्त, निधी आणि वरच्यांची तयारी, तिन्ही लागतं. म्हणून जोत्याला स्वतः जा. मोजणी नकाशावरची हद्द जागेवर दाखवायला लावा, चारही बाजूंना टेप धरा, कॉलम मोजा, तारखेचा फोटो फाइलला लावा.

दिरंगाईही टाळा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. आणि त्रुटी कळवायच्या त्या सगळ्या एकाच पत्रात. आज सातबारा, पंधरा दिवसांनी हद्दीचा नकाशा असं एकेक मागत गेलात की माणूस मधला 'साहेब' शोधायला लागतो. पैसे खाण्याची वाट बहुतेक वेळा तिथूनच फुटते, हे मी जवळून पाहिलं आहे.

विनापरवानगी काम दिसलं तर चालू कामाला त्याच अधिनियमाच्या कलम 54 ची काम थांबवण्याची नोटीस त्याच दिवशी द्या, तोंडी दम देऊन परत येऊ नका. पंचनामा, फोटो, मुख्याधिकाऱ्यांना लेखी अहवाल, बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक नोंदवहीतून, क्रमांक. कलम 53 ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढून टाकण्याची, नोटीस काढलीत की कोर्टात कॅव्हिएट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, दाखल करायला विधी सल्लागारांना सांगा, नाहीतर एकतर्फी स्थगिती येते आणि तोवर छत पडलेलं असतं. ठाण्याजवळ शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 ला कोसळलेली इमारत अनधिकृत होती, बांधकाम चालू असतानाच लोक राहत होते. 74 जीव गेले. 'कुटुंबं राहायला आलीत, आता कसं काढणार' हे तुम्हालाही ऐकवतील, म्हणून नोटीस कुटुंबं यायच्या आधीची हवी.

नगरसेवकांचे फोन येतील. नीट ऐकून घ्या, मग नम्रपणे म्हणा, "साहेब, एवढं लेखी द्या, फाइलला लावते." माझ्या अनुभवात लेखी फार थोड्यांनी दिलं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात विकास आराखड्याची प्रत घ्या आणि एखाद्या जुन्या मुकादमाला सोबत घेऊन आरक्षणं (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा) नि आखलेले रस्ते पायी बघून या. कुठल्या आरक्षणावर आधीच पत्रे उभे आहेत, हे त्याला तोंडपाठ असतं. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतली सामासिक अंतरांची आणि जिन्यांची प्रकरणं आधी वाचा, बाकीची फाइल समोर येईल तशी. काही अडलं तर इथंच विचारा.