सेंथिल होऊ नकोस

बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गोड लागेना. मित्राला बायपोलर, म्हणजे मन कधी अति तेजीत तर कधी खोल निराशेत नेणारा आजार, लग्नाला वर्षही झालेलं नाही, बायकोला काही ठाऊक नाही आणि त्यावरच्या लिथियमच्या गोळ्या तुझ्या चेन्नईच्या खोलीवर. ‘मावशी, त्यानं शपथ घातलीये.’ शपथ कसली? तिला कळलंच पाहिजे.

‘3’ हा तमिळ चित्रपट पाहून झोप उडाली म्हणतोस. उडू दे. 2011मध्ये त्यातलं ‘कोलावेरी’ सगळा देश गुणगुणत होता. दुसऱ्या वर्षी चित्रपट आला तेव्हा त्या गाण्यामागे काय दडलंय ते दिसलं. धनुषच्या रामला हाच आजार आहे हे त्याच्या मित्राला, सेंथिलला माहीत आणि बायकोला, जननीला कळतं ते राम गेल्यावर! लोक रामसाठी रडतात. मला राग येतो तो सेंथिलचा. जिवाला जीव देणारा पोरगा, मित्राचा मार खातो, डॉक्टरकडे नेतो आणि तोंड तेवढं मिटून बसतो. हा आजार म्हणजे हिंसेचं थैमान, असं दाखवलंय ते मात्र मला मुळीच पटलेलं नाही. औषधं घेऊन नोकरी-संसार नीट करणारे कितीतरी आहेत. पण लपवाछपवी कशी वाढत जाते, ते अगदी खरं उतरलंय.

डॉक्टर त्याला महिन्यातून एकदा बघणार, तू रविवारी. रात्री दोनला तो टक्क जागा आहे, पहाटे चारला नवे बेत आखतोय, हे बघणार कोण? तीच. झोप कमी होणं ही उन्मादाची, म्हणजे त्या तेजीची, पहिली खूण असू शकते आणि ती बिचारी समजणार, नवा संसार, स्वारी खुशीत आहे. चेन्नईच्या उन्हात घामानं अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याइतकं वाढू शकतं. डोकं दुखतंय म्हणून तिनं मायेनं आयबुप्रोफेन दिली, तरीही वाढू शकतं. मग हात थरथरतील, उलट्या होतील, तोल जाईल आणि ती म्हणेल पित्त झालंय. आता सांग, तू गुपित राखून कोणाचं भलं करतोयस?

ती सोडून जाईल, हीच भीती ना? जाईलही. तो तिचा हक्क आहे. पण राहिली तर डोळे उघडे ठेवून राहील.

माझ्या जिवलग मैत्रिणीचंही असंच होतं. मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगेन. तिनं सांगितलं नाही. मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं तिला टाकलं नाही, पण ती माझ्याशी त्यानंतर बोललेली नाही. तिची आठवण येते, सणावारी फार येते. तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. कोणी मला घरभेदी म्हटलं तरी चालेल. ती आज औषधं घेतेय, नवरा तिच्याबरोबर दवाखान्यात जातो, एवढं मला पुरतं.

तू मात्र एकदम तिच्या दारात जाऊ नकोस. आधी त्याला गाठ, तो शांत असताना. डॉक्टरसमोर तिघांनी बसायचं असं सुचव. डॉक्टर स्वतःहून तिला सांगणार नाहीत, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते गोपनीयतेला बांधलेले आहेत. त्याच कायद्यात साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, त्याला तिचं नाव लिहायला सांग. आणि मरणाची भाषा आली तर शपथ, मुदत, मैत्री सगळं बाजूला. त्याला एकटं सोडू नकोस, तिला तिथल्या तिथे सांग आणि दवाखाना गाठ. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तमिळमध्येही बोलतात.

‘योग्य वेळ बघून’ असं पुन्हा लिहू नकोस, चिडेन मी. येत्या रविवारी त्याच्याशी बोल. गोळ्यांची पिशवी त्याच्या हातात दे, त्या त्याच्या घरी असायला हव्यात. आणि मग मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी