रात्री गाडी चालवता? मग लेन्स जपून निवडा

प्रश्न : वय ६४, मोतीबिंदू पिकलाय. रोज रात्री घोडबंदर रोडने स्कूटरवरून घरी येतो. डॉक्टर मल्टिफोकल लेन्स सुचवतात. बसवू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आमचं मत मोनोफोकलकडे, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणाऱ्या लेन्सकडे. मल्टिफोकल लेन्स प्रकाश दूर-जवळ वाटून देते, म्हणून समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसू शकतात. मोनोफोकलने लांबचं स्वच्छ दिसेल, पेपर वाचायला मात्र चष्मा लागेल. सिलिंडर नंबर (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या असमान गोलाईमुळे लागणारा) जास्त असेल तर तो दुरुस्त करणारी टोरिक लेन्स विचारा. पण ती १० अंश सरकली तरी साधारण एक तृतीयांश गुण जातो. डोळे कोरडे असतील तर आधी ते बरे करा, नाहीतर मोजमापातच लेन्सचा नंबर चुकतो. आणि हो, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर आवर्जून सांगा. त्याने शस्त्रक्रियेत बाहुली आकसू शकते.