लीज वाढवावी की फ्रीहोल्डमधला वाटा घ्यावा?

लंडनला स्थायिक होताना हॅरोमधला जो फ्लॅट तुम्ही घेऊ पाहत आहात, त्याच्या लीजची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याची, 80 वर्षे आणि 7 महिने उरले आहेत. ती वाढवून घ्यावी की शेजाऱ्यांबरोबर इमारतीच्या फ्रीहोल्डमधला, म्हणजे इमारत आणि जमिनीच्या कायमच्या मालकीतला, वाटा घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते आधी लीज वाढवा, कारण ते तुमच्या एकट्याच्या हातात आहे आणि त्यासाठी वेळ फार थोडा आहे.

शिल्लक 80 वर्षांखाली गेली की मुदतवाढीमुळे मालमत्तेच्या मूल्यात जी भर पडते, जिला इथे मॅरेज व्हॅल्यू म्हणतात, तिचा निम्मा हिस्सा फ्रीहोल्डरला, म्हणजे मूळ मालकाला, द्यावा लागतो आणि हा हिशेब त्याला मुदतवाढ मागणारी नोटीस बजावलेल्या तारखेचा धरतात. ही रक्कम रद्द करण्याची तरतूद 2024 च्या कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर थांबू नका. नोटीस देण्यापूर्वी दोन वर्षे मालक असण्याची अट 31 जानेवारी 2025 पासून गेली असली, तरी लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीत, नाव लागेपर्यंत तुम्हाला नोटीस देता येत नाही आणि त्यात कित्येक महिने जाऊ शकतात. म्हणून विक्रेत्यानेच व्यवहार पूर्ण होण्याआधी नोटीस बजावावी आणि तिचा लाभ खरेदीबरोबरच तुमच्या नावे करावा, असे सॉलिसिटरकडून करारात घालून घ्या. यातून उरलेल्या मुदतीवर 90 वर्षे वाढतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचे जमिनीचे भाडे, शून्यावर येतो. फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटरचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्च मात्र तुम्हालाच भरावा लागतो.

फ्रीहोल्ड कायद्याने विकत घ्यायला किमान निम्मे फ्लॅटधारक सोबत लागतात. आमच्या चार फ्लॅटच्या घरात तिघांना एकत्र आणण्यातच वर्ष गेले. मुंबईत कन्व्हेयन्स झाला की जमीन सोसायटीची होते, तसेच इथे फ्रीहोल्ड रहिवाशांच्या कंपनीकडे येते, परंतु तुमची लीज आपोआप वाढत नाही. कंपनीकडून ती वेगळी, बहुधा 999 वर्षांची, करून घ्यावी लागते. आमच्या एका शेजारणीने ते केले नाही आणि फ्लॅट विकताना तिचे गिऱ्हाईक परत गेले. छप्पर गळले तेव्हा दुरुस्तीची तीन अंदाजपत्रके माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो होतो. तो त्रास मला मान्य आहे, कारण आता सर्व्हिस चार्जचा, म्हणजे इमारतीच्या देखभाल खर्चाचा, पै न् पै आम्हाला दिसतो.

जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका. लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत मागवून मुदत कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते पाहा. आमच्या लीजवर सह्या जूनअखेरच्या होत्या, मुदत मात्र 25 मार्चपासून सुरू झाली होती.