‘भाऊबीजेला आलीस की सही करून जा’ म्हणतात, काय करू?

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी वारले. माहेरी सांगोला तालुक्यात चार एकर जमीन आहे. मागे आई, दोन भाऊ आणि मी. सातबाऱ्यावर आईचं आणि भावांचं नाव वर आहे, माझं ‘इतर अधिकारा’त घातलंय. विहिरीसाठी कर्ज काढायचंय, म्हणून थोरला म्हणतो, भाऊबीजेला आलीस की हक्कसोडपत्रावर सही कर आणि मोकळी हो. मी विधवा आहे, पंढरपुरात शिवणकाम करते, दोन मुलं शिकतात. सही नाही केली तर माहेर तुटेल, केली तर मुलांचं काय? वकिलाला द्यायला पैसे नाहीत. फुकटचा सरकारी वकील मिळतो म्हणतात, पण तो मन लावून काम करत नाही असंही कानावर आलंय. – एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : ताई, भाऊबीजेला जरूर जा, भावांना ओवाळा, पण त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘कागद दे, मी वाचून घेते, मग बघू’ एवढंच म्हणा. यात भांडण नाही. ज्या कागदाने तुमचा वाटा कायमचा जातो, तो चार दिवस घरी ठेवून वाचायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता वाटा किती ते बघू. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलासारखीच जन्मापासून सहहिस्सेदार आहे. वडील ती दुरुस्ती होताना हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी आई आणि तिन्ही मुलांना सारखाच वाटा. मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं, तुमच्या घरात उत्तर एकच येतं : चार वाटे, तुमच्या वाट्याला एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. (आधी कधी रीतसर वाटप झालं असेल किंवा मृत्युपत्र असेल तर हिशेब बदलेल, ते आईला विचारून घ्या.) ‘तुझ्या लग्नात खर्च केला’ या सबबीवर हा वाटा संपत नाही. विधवा झाल्यानेही संपत नाही.

नाव ‘इतर अधिकारा’त असल्याची तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे बहिणींची नावं तिथे टाकायची जुनी खोड आहे, मला तिचा मनापासून राग येतो. पण नाव कुठल्या रकान्यात आहे यावर हक्क ठरत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद, मालकीचा निकाल दिवाणी कोर्ट देतं. तरीही नाव दुरुस्त करून घ्या. फेरफाराची (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदीची) नक्कल काढा आणि नोंद चुकीची असल्याचा लेखी अर्ज तलाठ्याकडे द्या. ते काम तिथे अडलं तर प्रांतांकडे अपील करता येतं.

आणि एक गोष्ट भावाला शांतपणे सांगा. कर्जासाठी बँक सहहिस्सेदारांची संमती मागते हे खरं, पण संमती वेगळी आणि हक्कसोड वेगळं. विहिरीला तुमचा विरोध नाही, हे आधी बोलून टाका. संमतीपत्रावर सही करतानाही तुमचा वाटा तारण जातोय का, हे आधी वाचून घ्या.

तुम्हाला खरोखर भावांना वाटा द्यायचा असेल, तर मी कोण अडवणार? देणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, समाधानाने देणाऱ्या. माझं म्हणणं एवढंच की काय देतोय ते कळून द्यावं.

मी २००८ पासून मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर वकील आहे. सुरुवातीच्या वर्षांतच एक बाई दुपारी कोर्टात आल्या होत्या. हातात तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेली कागदपत्रं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा डाव्या अंगठ्यावरची निळी शाई अजून ओली होती. टेबलाला लागू नये म्हणून त्या अंगठा पदराला पुसत होत्या. तासाभरापूर्वी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा दिला होता. पीककर्जाचा कागद आहे असं त्यांना सांगितलं होतं, निघालं हक्कसोडपत्र. तो दस्त रद्द करून घ्यायला दावा लावावा लागला, सहा वर्षं गेली, आणि शेवटी लोकअदालतीत तीस गुंठ्यांवर मिटलं. ती शाई मी विसरू शकत नाही, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगतेय.

आता वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. स्त्रिया आणि मुलं त्यात आहेत, उत्पन्न कितीही असलं तरी. तुम्हाला उत्पन्नाचा दाखला मागितला तर ‘कलम १२ प्रमाणे स्त्रीला लागत नाही’ असं नम्रपणे सांगा. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, पूर-दुष्काळ-भूकंपात किंवा जातीय अत्याचारात सापडलेले, यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे.

तालुका कोर्टाच्या इमारतीतच समितीची खोली असते. तालुक्यातले सगळ्यात वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. साध्या कागदावर अर्ज लिहा. सोबत आधार, सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल जोडा. जमीन सांगोल्यात असल्याने दावा तिथेच चालेल, पण अर्ज पंढरपुरात दिलात तरी तो पुढे पाठवतात. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका, ताई. काम अडलं तर तोच तुमचा पुरावा. घरून निघण्याआधी काही विचारायचं असेल तर १५१०० ही मोफत हेल्पलाइन आहे.

‘वकील मन लावून काम करत नाही’ या तुमच्या शंकेला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे, कारण ती शंका माझ्याबद्दलही आहे. पॅनेलच्या वकिलाला मानधन प्राधिकरण देतं, खाजगी फीच्या मानाने कमीच. म्हणून काही जण तारखेला येत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायची आम्हाला मनाई आहे. कोणी झेरॉक्सच्या नावाखाली मागितला तरी देऊ नका. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही समितीच करते. वकील दोन तारखांना आला नाही तर अध्यक्षांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. बदलून मिळतो. तुम्ही कोणाचे उपकार घेत नाही आहात. मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ १९७६ साली राज्यघटनेत आलं, तेव्हापासून ती द्यायची जबाबदारी सरकारची आहे.

प्रश्न : माझा पोरगा बावीस वर्षांचा, ऊसतोडीला गेला होता. घरफोडीच्या आरोपात धरलाय, सत्तर दिवस झाले जेलात आहे. एका वकिलाला पंधरा हजार दिले, आता तो फोन उचलत नाही. कानातलं विकून झालं. (पत्र शेजारच्या मुलीने लिहून दिलंय.) – एक आई, बीड जिल्हा

उत्तर : मावशी, आता काहीही विकू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतोच. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. जिल्हा कोर्टात ‘लोक अभिरक्षक’ कार्यालय कुठे आहे ते विचारा. तिथले वकील फक्त फौजदारी प्रकरणंच पाहतात. मुलालाही सांगा, जेलमधून अधीक्षकांमार्फत अर्ज करता येतो.

त्यांना पहिला प्रश्न हा विचारा : दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं का? अशा आरोपात पोलिसांना ते ६० दिवसांत द्यावं लागतं. दिलं नसेल तर जामीन हा मुलाचा हक्क ठरतो, पण जामिनाचा अर्ज दोषारोपपत्र यायच्या आत पडायला हवा. म्हणून हे पत्र वाचाल त्याच दिवशी जा, शेजारच्या मुलीला सोबत घ्या. दोषारोपपत्र आलं असेल तर त्याची प्रत मुलाला फुकट मिळते, जुन्या वकिलाकडच्या कागदांसाठी अडून बसू नका. जामीन झाला आणि जामीनदार मिळाला नाही, तर गप्प राहू नका, अट कमी करण्याचा अर्ज करता येतो.

प्रश्न : थकलेल्या पीककर्जासाठी बँकेची लोकअदालतीची नोटीस आली आहे. नाही गेलो तर अटक होईल का? – एक शेतकरी, जत

उत्तर : नाही, भाऊ. ती तडजोडीला बोलावणारी चिठ्ठी आहे, वॉरंट नव्हे. तरी जा, कारण व्याजात सूट मागायला ही जागा बरी. पटलं नाही तर ‘मान्य नाही’ म्हणून उठून या, तडजोडीची सक्ती कोणी करू शकत नाही. मात्र एकदा सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून रक्कम अक्षरात लिहिली आहे का, हप्त्याच्या तारखा घातल्या आहेत का, उरलेली बाकी माफ झाल्याचं वाक्य आहे का, हे सहीआधी बघा. चष्मा विसरला असाल तर पॅनेलवरच्या न्यायाधीशांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ते दाखवतात.