एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे, पाळीच्या आधी पोट टम्म फुगतं. गहू-दूध बंद करून बघू का?

हो, बघा, पण मुदत ठरवून: चार ते सहा आठवडे, त्याहून जास्त नाही. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने तयार केलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहाराची (म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाता आंबून वायू करणारी कर्बोदकं कमी असलेल्या आहाराची) चाचणी एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांवरही झाली आहे, आणि त्यात पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. आपल्याकडे हे फार अवघड नाही, कारण ज्वारीची कडक भाकरी चालते, शेंगदाणेही चालतात. अडतं ते शेंगाचटणीतल्या लसणापाशी. पाकळ्या तेलात तळून काढून टाका आणि त्या तेलात बिनलसणाची चटणी कालवा. लसणातली पोट फुगवणारी कर्बोदकं, म्हणजे फ्रुक्टन्स, तेलात उतरत नाहीत, चव मात्र उतरते. कांदा, गहू, मटकी, दूध थांबवा. मग एकेक पदार्थ तीन दिवस थोडा थोडा वाढवत खाऊन बघा. वहीत पाळीची तारीखही लिहा, नाहीतर पाळीचा त्रास उगाच गव्हाच्या माथी बसतो. याने पोट हलकं होतं, आजार जात नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवा. वजन किंवा हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर मात्र ताई, एकटीने सुरू करू नका.