'ओमा' आलं म्हणजे कॅन्सरच का?

"मॅडम, आधी फायब्रॉइड म्हणाले होते, आता लायोमायोमा निघालंय." मुलाने बायोप्सीचा रिपोर्ट पुढे केला. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. गर्भाशय काढून दहा दिवस झालेले, आणि दोन रात्री घरात कुणाचा डोळा लागलेला नाही.

"माझ्या वडलांच्या कागदावर कार्सिनोमा होतं," काकू म्हणाल्या. "यातही शेवटी तेच 'ओमा' आहे."

ही भीती घेऊन माझ्याकडे पुष्कळजण येतात. 'ओमा' हा ग्रीक प्रत्यय. नावाच्या शेवटी तो बहुतेकदा फक्त गाठ असल्याचं सांगतो. ती कशाची, ते त्याच्या आधी येतं. चरबीची लायपोमा, ग्रंथीची ॲडिनोमा, गर्भाशयाच्या स्नायूची लायोमायोमा. हिलाच आपण फायब्रॉइड म्हणतो.

"काकू, घरी बाळू म्हणतात त्याचं शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण असतं ना? तसंच आहे हे. नवीन काही निघालेलं नाही."

वडलांचा शब्द मात्र वेगळा होता. त्वचेच्या, ग्रंथींच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींतून कर्करोग उठला, तर कार्सिनोमा. यातला 'कार्सिन' ग्रीक खेकड्यावरून आला. आपल्या कर्करोगातला कर्कही खेकडाच. स्नायू, हाड, चरबी यांतून उठला तर सार्कोमा. काकूंची गाठ तशी असती तर रिपोर्टात लायोमायोसार्कोमा लिहिलं असतं.

पण एवढ्यावर मी कुणालाच घरी पाठवत नाही. लिम्फोमा आणि मेलॅनोमा ही नावं ऐकायला लायपोमासारखीच, तरी दोन्ही कर्करोगच. उलट ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहामुळे जमलेला पेशींचा पुंजका. तो टीबीतही दिसतो, तो ट्यूमरच नव्हे. नुसती शेपटी बघून कुणी निर्धास्त झालं आणि उपचार राहून गेले, तर ते भीतीपेक्षा वाईट. म्हणून रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि डॉक्टरांकडून समजून घ्यायचा.

मी त्यांच्या सर्जनना फोन लावून दिला. कर्करोगाच्या पेशी नाहीत, हे काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"मग हे कागद देतानाच का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन मिनिटांचं बोलणं होतं. ते न झाल्याने एका घराने दोन रात्री जागून काढल्या, याचा मला फार राग येतो.

जाताना काकूंनी माझं पेन मागून घेतलं आणि मुलाला लायोमायोमाच्या शेजारी 'फायब्रॉइड' असं मराठीत लिहायला लावलं. "सूनबाई वाचेल, तिला घाबरायला नको."